डिसेंबरात भूतान, आणि आई म्हणतात ‘मी घरीच बरी’

पत्र : नमस्कार ताई. मी नागपूरची, शाळेत शिकवते. घरात आम्ही पाच जण : मी, मिस्टर, सासूबाई (वय ६८), अकरावीतला मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. नाताळच्या सुट्टीत, २४ ते ३१ डिसेंबर, भूतानला जायचं मनात आहे. पण घरात तीन तऱ्हा आहेत. मिस्टर वर्षभराचे दमलेले आहेत. त्यांना डोंगरातलं एखादं छान रिसॉर्ट हवंय, एकदा बॅगा टाकल्या की निघायच्या दिवशीच उचलायच्या. मुलांना बर्फ हवाय. आणि ज्यांच्यासाठी मी मुळात भूतान सुचवलं त्या सासूबाई म्हणतात, ‘माझे गुडघे साथ देत नाहीत, तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी.’ त्या रोज पहाटे वंदना घेतात, दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात, बोधगया आणि सारनाथ त्यांचं झालेलं आहे. भूतानचं नाव काढलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘तिथला बुद्ध आपलाच का गं?’ मला उत्तर देता आलं नाही. डिसेंबरात तिथे जावं का? एकाच रिसॉर्टमध्ये राहावं का? आणि आईंना आग्रह करावा, की त्या म्हणतात ते ऐकावं?
– एक वाचक, नागपूर

प्रिय ताई,

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. डिसेंबरात जा. भूतानमधल्या सहाच्या सहा रात्री एका ठिकाणी काढू नका. आणि आईंना घेऊन जा, पण त्यांना काय दाखवायचं आणि काय सोडून द्यायचं हे निघायच्या आधी ठरवून.

दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत माझ्या आईने मोजली. २०१७च्या डिसेंबरात मी तिला घेऊन भूतानला गेले होते. पारोच्या खोऱ्यात, उतारावर, देवदार-पाइनच्या झाडीत एक सुंदर हॉटेल होतं. फोटो पाहून मी पाचही रात्री तिथेच नोंदवल्या. तुमच्या मिस्टरांसारखाच माझाही विचार होता की म्हाताऱ्या माणसाला रोज सामान बांधायला लावायला नको. प्रत्यक्षात ते हॉटेल डोंगराच्या सावलीतल्या बाजूला निघालं. दुपारी तीनलाच ऊन डोंगराआड जायचं आणि फरशीतून गारठा वर यायला लागायचा. खोलीतला हीटर जेमतेम हात शेकण्यापुरता. आई चार वाजता स्वेटर, शाल, कानटोपी घालून रजईत शिरायची ती सकाळी दहापर्यंत बाहेर यायची नाही. तीन दिवस तिने हिमालय खिडकीच्या काचेतून पाहिला आणि एकदाही तक्रार केली नाही. त्याचंच मला आजही वाईट वाटतं. चौथ्या दिवशी आमचा ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मॅडम, थंडीत आमचे लामासुद्धा थिम्फूत राहत नाहीत, खाली पुनाखाला जातात. तुम्ही आईंना इथे का ठेवलंय?’

हे त्याने मनाचं सांगितलं नव्हतं. भूतानचे प्रमुख धर्मगुरू, ज्यांना जे खेंपो म्हणतात, आणि त्यांच्यासोबतचा मध्यवर्ती भिक्षुसंघ हिवाळ्याच्या तोंडाशी थिम्फू सोडून पुनाखाच्या झोंगमध्ये मुक्कामाला येतो आणि थंडी सरली की परत वर जातो. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी असं सगळं एकाच भिंतीआड. पुनाखाचा झोंग १६३७ साली भूतानला एकत्र आणणारे झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी बांधायला घेतला, आणि १९५० च्या दशकापर्यंत पुनाखाच देशाची हिवाळी राजधानी होती. कारण साधं आहे. पारो आणि थिम्फू २,२०० ते २,४०० मीटर उंचीवर आहेत, पुनाखा साधारण १,२०० मीटरवर. डिसेंबरअखेरीस पारोत रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. पुनाखात रात्री गार असतं, पण दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. तिथे संत्री लागतात, केळी लागतात, नदीकाठी भातखाचरं आहेत. नागपूरच्या माणसाला डिसेंबरात संत्र्याचं झाड दिसलं की अर्धा परकेपणा तिथेच संपतो.

म्हणून माझं म्हणणं असं : पहिली रात्र थिम्फू, मग तीन रात्री पुनाखा, शेवटच्या दोन पारो. मिस्टरांना सांगा की बॅगा सहा दिवसांत दोनदाच उचलायच्या आहेत आणि मधले तीन दिवस त्यांचेच आहेत. तरीही ते ऐकले नाहीत तर आणखी एक गोष्ट सांगा. भूतानमधली सर्वांत महागडी रिसॉर्टं, अमानकोरा काय किंवा सिक्स सेन्सेस काय, एका जागी बांधलेलीच नाहीत. दोघांनीही पाच वेगवेगळ्या खोऱ्यांत पाच छोटी लॉज काढली आहेत आणि पाहुणा एकातून दुसऱ्यात जातो. आपल्याला तिथे राहायचं नाही, त्या दरात तुमची अख्खी सहल होईल. पण ज्यांना वाटेल तिथे बांधता आलं असतं त्यांनीही हा देश खोऱ्या-खोऱ्यांनी पाहायचा आहे हे ओळखलं, एवढं लक्षात घ्या.

मिस्टरांच्या विश्रांतीसाठी मात्र पुनाखात एक गोष्ट आवर्जून करा : गरम दगडांची आंघोळ. त्यांच्या भाषेत दोत्शो. खोलीबाहेर किंवा अंगणातल्या खोपटात लांबट लाकडी हौद असतो, आडव्या फळीने दोन भागांत विभागलेला. बाहेर चुलाणावर नदीतले गोटे निखाऱ्यासारखे लाल होईपर्यंत तापवतात. मग लांब चिमट्याने एकेक गोटा हौदाच्या लहान कप्प्यात सोडतात. चर्र आवाज होतो, पाण्यातून बुडबुडे उठतात, राखेचा बारीक थर वर येतो आणि फळीच्या भोकांतून कढत पाणी माणूस बसलेल्या भागात झिरपायला लागतं. पाण्यात खेम्पा नावाचा पाला टाकलेला असतो. तो आपल्या दवण्याच्याच कुळातला आहे, वास आला की ओळखाल. गार वाटायला लागलं की आतून हाक द्यायची, बाहेरचा माणूस आणखी एक गोटा सोडतो. दगड तापायला दोन-तीन तास लागतात, त्यामुळे दुपारीच सांगून ठेवा. पाठ-कंबर धरलेल्या माणसासाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. आईंना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना यात बसवू नका. कोमट पाण्यात पाय सोडून बसू देत.

आता मुलांचा बर्फ. इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. भूतानमध्ये बर्फात खेळायची, स्कीइंगची रिसॉर्टं नाहीत. पारो-थिम्फूत बर्फ पडलाच तर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, तोही थोडका. डिसेंबर म्हणजे कोरडी थंडी, निळंशार आभाळ आणि लांबवर दिसणारी शिखरं. मुलांना फक्त बर्फच हवा असेल तर त्यांना पुढे कधीतरी फेब्रुवारीत गुलमर्ग किंवा औलीला न्या, या सहलीवर ते ओझं टाकू नका. हो, पारोहून गाडीने चेले ला खिंडीत जाता येतं. ती जवळजवळ ४ हजार मीटरवर आहे, तिथे रस्त्याकडेला गोठलेलं पाणी आणि नशीब असेल तर बर्फ सापडतो. मात्र रस्ता निसरडा असेल तर ड्रायव्हरचं ऐका, आणि आईंना त्या उंचीवर नेऊ नका.

मुलांसाठी मला बर्फापेक्षा मोलाची वाटते ती फोबजिखा खोऱ्यातली सकाळ. तिबेटच्या पठारावरचे काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरअखेरपासून तिथल्या दलदलीत उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. उंची जवळजवळ ३ हजार मीटर, त्यामुळे पहाटे सगळं गवत दहिवराने पांढरं झालेलं असतं. लोक सांगतात की येताना आणि जाताना हे पक्षी गांगते मठाला तीन घिरट्या घालतात. खोऱ्यात वीज आणायची वेळ आली तेव्हा तारांना अडकून पक्षी मरतील म्हणून त्या जमिनीखालून नेल्या. हे तुमच्या मुलीला तिथे उभं राहून सांगा, दहाव्या वर्षी ऐकलेलं असं काही विसरलं जात नाही. पुनाखाहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण अंधारात निघावं लागेल आणि दिवसातले पाच-सहा तास गाडीतच जातील. त्या दिवशी मिस्टर आणि आई पुनाखातच थांबले तर दोघांचंही भलं होईल.

आणि आता आईंचा प्रश्न. ‘तिथला बुद्ध आपलाच का गं?’ तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाक्य वाटलं. घरीच बरी म्हणण्यामागे गुडघे आहेत तितकाच हा प्रश्नही आहे असं मला वाटतं. जिथे आपलं काही नाही तिथे म्हातारं शरीर कशाला न्यायचं, असं त्यांच्या मनात असणार.

त्यांना खरं ते सांगा. भूतान हे बुद्धाच्या आयुष्यातलं ठिकाण नाही. बोधगयेला जो बोधिवृक्ष आणि सारनाथला जो स्तूप त्यांनी पाहिला तसं काही तिथे नाही. तिथला धर्म वज्रयान परंपरेचा, द्रुक्पा काग्यू संप्रदायाचा आहे. मंदिरात शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, असतात, पण त्यांच्या शेजारी गुरू पद्मसंभव असतात. आठव्या शतकात त्यांनी या भागात धम्म आणला असं मानतात, आणि लोक त्यांना गुरू रिंपोछे म्हणून दुसऱ्या बुद्धाइतकं मानतात. भिंतींवर विक्राळ चेहऱ्यांच्या रक्षक देवता असतात, मुंडमाळा घातलेल्या. लोण्याचे दिवे असतात, तीर्थासारखं पाणी देतात, भविष्य विचारायला फासे टाकतात. बावीस प्रतिज्ञा मनापासून घेतलेल्या बाईला हे सगळं पाहून चमकल्यासारखं होईल. ‘हेच सोडून तर आपण बाहेर आलो,’ असंही त्या म्हणतील. त्यांना तसं म्हणू द्या. त्यांची समजूत घालायची गरज नाही.

पण दुसरी बाजूही सांगा. पुनाखा झोंगच्या मोठ्या सभागृहात समोर शाक्यमुनींची भव्य मूर्ती आहे आणि भिंतींवर बुद्धचरित्र रंगवलेलं आहे. लुंबिनीतला जन्म, महालातून बाहेर पडणं, तपश्चर्या, बोधी, महापरिनिर्वाण. ते चित्र कशाचं आहे हे आईंना कुणी सांगावं लागणार नाही. उलट त्याच तुमच्या मुलांना सांगतील, आणि गाइडला ऐकावं लागेल. तिथल्या उपासकाचे पाच शील तेच आहेत जे आई रोज पहाटे पाली भाषेत म्हणतात : हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, नशा नको. त्यांनी तिथे एका बाजूला बसून मनात आपलं त्रिशरण-पंचशील म्हटलं तर ते त्या सभागृहात कुणालाही परकं वाटणार नाही. आणि एक आठवण करून द्या. बाबासाहेब धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती साथ देत नसतानाही काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथे देशोदेशीचे, वेगवेगळ्या परंपरांचे बौद्ध जमले होते. सगळ्यांची उपासना सारखी नव्हती. तरी ते गेले, त्यांच्यात बसले, बोलले. आईंना हे माहीत असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण तुम्ही ते म्हटलंत, याने फरक पडेल.

आईंना ज्या ठिकाणी सर्वांत जास्त वेळ द्यायचा ते ठिकाण मी सांगते, आणि प्रवासी कंपन्या तिथे वीस मिनिटं देतात. थिम्फूचा मेमोरियल चोर्तेन. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ साली बांधलेला हा पांढरा स्तूप शहराच्या मध्यावर आहे, सपाट जागेवर. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत शहरातली म्हातारी माणसं तिथे येतात. हातात माळ, दुसऱ्या हातात फिरवायचं लहानसं मणिचक्र, आणि उजवीकडून प्रदक्षिणा. दमलं की कडेला उन्हात बसायचं, गप्पा मारायच्या, पुन्हा उठायचं. घरून डबा घेऊन येतात आणि दिवस तिथेच काढतात.

त्या सहलीच्या चौथ्या दिवशी, ड्रायव्हरच्या त्या बोलण्यानंतर, पारोतली पुढची रात्र सोडून आम्ही पुनाखाला निघालो आणि वाटेत तिथे थांबलो. माझी आई माळकरी, बौद्ध नाही. तिने एक फेरी घातली, दुसरी घातली आणि बाकापाशी उभी राहून धाप टाकायला लागली. बाकावर किरा नेसलेली एक आजी बसली होती, आईच्याच वयाची. ती सरकली आणि आपल्या शेजारची उन्हातली जागा हाताने थोपटून दाखवली. आई बसली. आजीने कापडी पिशवीतून मूठभर झाव काढून आईच्या ओंजळीत घातले. झाव म्हणजे भाजलेले तांदूळ, चहाबरोबर खातात, आपल्या चुरमुऱ्यांपेक्षा कडक. आईने पर्समधून तिळाचा लाडू काढून दिला. आजीने तो कपाळाला लावला आणि मग खाल्ला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. थोड्या वेळाने आजीने आपली माळ उचलून दाखवली, आईने गळ्यातली तुळशीची माळ दाखवली, आणि दोघी बोटांनी मणी मोजायला लागल्या. तासभर त्या तशा बसल्या होत्या. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, ‘इथे आधी का नाही आणलंस?’

तेव्हा आईंना तिथे नेऊन बसवा आणि घड्याळ पाहू नका. वाटलं तर तुम्ही मुलांना घेऊन बाजारात फिरून या.

पारोतही त्यांच्यासाठी अशीच एक जागा आहे, क्यिचू ल्हाखांग. ल्हाखांग म्हणजे मंदिर. सातव्या शतकातलं, तिबेटच्या सोंगत्सेन गाम्पो राजाने बांधवलं असं सांगतात. खोऱ्यातच आहे, गाडी दारापर्यंत जाते, चढ नाही. अंगणात संत्र्याची झाडं आहेत, त्यांना बारमाही फळं लागतात असं लोक सांगतात. सकाळच्या उन्हात जा.

याउलट ताकत्सांग, म्हणजे वाघिणीची गुहा, जिचा फोटो प्रत्येक जाहिरातीत असतो, तिथे आईंना चढवायचा हट्ट करू नका. मठ कड्यावर, ३,१०० मीटरच्या वर आहे, खोऱ्यापासून जवळजवळ ९०० मीटर चढायचं. जाऊन यायला धडधाकट माणसाला पाच-सहा तास लागतात. घोडा मिळतो, पण तो अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियाच्या आसपास सोडतो, आणि उतरताना पायीच यावं लागतं. शेवटच्या टप्प्यात शेकडो पायऱ्या आहेत, आधी उतरायच्या आणि मग चढायच्या. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट, हे तुम्हीही जाणता. तुम्ही चौघं सकाळी लवकर चढा. १९९८ साली हा मठ आगीत जळाला होता आणि २००५ पर्यंत जसाच्या तसा पुन्हा उभा केला, हे मुलाला सांगा, म्हणजे वर पोचल्यावर तो नुसता सेल्फी काढून खाली येणार नाही. आत फोन आणि बॅगा नेऊ देत नाहीत. आईंना त्या वेळी हॉटेलच्या उन्हात किंवा क्यिचूला ठेवा, सोबत गाइड किंवा ड्रायव्हर असावा. खालूनही मठ दिसतो. त्यांना तेवढा पुरेल का, हे त्यांनाच विचारा.

थिम्फूहून पुनाखाला जाताना दोचु ला खिंड लागते, ३,१०० मीटरवर. तिथे १०८ चोर्तेन एका टेकाडावर रांगेने आहेत. डिसेंबर २००३ मध्ये आसाममधल्या बंडखोरांचे भूतानच्या जंगलातले तळ उठवताना जे सैनिक गेले त्यांच्या स्मरणार्थ राणीमाता दोर्जी वांगमो वांगचुक यांनी ते बांधवले. ते तळ आपल्या देशाविरुद्ध लढणाऱ्यांचे होते, म्हणून तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहावं असं मला वाटतं. सकाळी दहाच्या आत पोचलात तर उत्तरेला हिमशिखरांची रांग दिसते. गांगखार पुएनसुम हे ७,५७० मीटरचं शिखरही त्यात आहे, ज्यावर आजवर कुणी चढलेलं नाही. शिखरं देवांची म्हणून भूतानने गिर्यारोहणच बंद केलं आहे. मुलांना बर्फ इथून दिसेल, लांबून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, ऐनवेळी अवघडायला नको. पुनाखाजवळ चिमी ल्हाखांग आहे आणि त्याच्या वाटेवरच्या गावात घरांच्या भिंतींवर, दुकानांत पुरुष लिंगाची मोठमोठी चित्रं असतात. दृष्ट लागू नये, मूल व्हावं यासाठीची ही त्यांची जुनी समजूत आहे, त्यात अश्लील काही मानत नाहीत. आई आणि मुलीला तिथे न्यायचं का, हे तुम्ही ठरवा. न्यायचं असेल तर गाडीतच सरळ सांगून टाका.

खाण्याची काळजी करू नका. एमा दात्शी म्हणजे मिरच्यांचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. सावजी पचवणाऱ्या गावाला ती जड जाणार नाही. मुलीला बटाट्याची केवा दात्शी आणि तिथला लाल भात द्या. सुजा म्हणजे लोणी-मिठाचा चहा. तो आपला चहा समजून प्यायलात तर घोट उतरणार नाही. गरम सार समजून प्या.

हॉटेल घेताना फोटो पाहू नका, फोन करून विचारा. खोलीत ऊन कधी येतं आणि कधी जातं? हीटर प्रत्येक खोलीत आहे का, की फक्त जेवणाच्या हॉलमध्ये बुखारी पेटवतात? आईंना तळमजल्यावरची खोली मिळेल का? न्हाणीघरात गरम पाणी दिवसभर असतं का? या चार प्रश्नांना जो नीट उत्तर देईल त्याच्याकडे राहा. गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरी मोजे, व्हॅसलीन आणि आईंसाठी काठी नागपूरहूनच न्या. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना उंचीची कल्पना देऊन गोळ्या लिहून घ्या.

जायची वाट. नागपूरहून कोलकाता, तिथे रात्रीचा मुक्काम, आणि २५ला सकाळच्या विमानाने पारो. तासाभराचा प्रवास आहे. पारोचा विमानतळ डोंगरांमध्ये अडकलेला, विमानं फक्त दिवसाउजेडी उतरतात, म्हणून परतीच्या दिवशी कोलकात्यातलं पुढचं विमान लगेचचं धरू नका. रेल्वेने हासिमारा आणि तिथून फुंत्शोलिंगच्या वेशीतून रस्त्यानेही जाता येतं, स्वस्तही पडतं, पण उत्तर बंगालात त्या दिवसांत धुकं असतं, गाड्या तासन्‌तास रखडतात, आणि घाटाची वळणं आईंना सोसणार नाहीत.

पैशांचं सांगते. भारतीयांना भूतान सरकारला माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. मुलगा अकरावीतला, म्हणजे त्याचं पूर्ण लागेल. चार जणांचे सहा रात्रींचे २८,८०० आणि मुलीचे ३,६००, असे ३२,४०० रुपये हॉटेल-गाडीच्या आधीच बाजूला ठेवा. झोंग आणि मठांची प्रवेश फी वेगळी. पारो-थिम्फूच्या बाहेर गाइड घ्यावाच लागतो. त्यांचं न्गुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे आणि आपल्या नोटा चालतात, शंभराच्या जास्त ठेवा. शुल्काचे नियम मधूनमधून बदलतात, पैसे भरायच्या आधी भूतानच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. मुलांना पासपोर्ट नसेल तर इंग्रजी मजकूर असलेला जन्मदाखला न्या. इथेच लोकांची सहल अडते, आणि बहुतेक वेळा अडते ती घरातल्या मोठ्या बाईच्या कागदामुळे. मतदार कार्डावर माहेरचं नाव, फोटो पुसट झालेला, नाहीतर कार्ड कुठल्याशा ट्रंकेत. दुरुस्तीला आठवडे लागतात.

म्हणून आज संध्याकाळी चहाच्या वेळी, बाकी कुणी नसताना, आईंकडे त्यांचं मतदार कार्ड मागा. ‘येता का?’ असं विचारू नका, त्या ‘नको’च म्हणतील; आपल्या घरातल्या बायका पहिल्यांदा ‘नको’च म्हणतात. कार्ड मागा आणि कशाला हवंय ते सांगा. ताकत्सांगला चढायचं नाही, खोली तळमजल्यावरची आहे, आणि थिम्फूत एक स्तूप आहे जिथे दिवसभर उन्हात बसता येतं, एवढं सांगा. बुद्धाचं जे त्यांनी विचारलं होतं, त्याचं उत्तरही त्याच वेळी द्या. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या तर ते खरं नको आहे, मग आग्रह करू नका. पण कार्ड शोधायला उठल्या, तर नाव आणि जन्मतारीख तिथल्या तिथे वाचून घ्या.